चार फुटांची आगगाडी

दिवाळी जवळ आली म्हणजे महाराष्ट्रांतील मुलें अंगणांत किल्ला बांधतात. माती, दगड, जुनीं गोणपाटें आणि अळीव पेरून उगवलेलें हिरवें रान, एवढ्या सामग्रीवर दोन हात जागेंत रायगड उभा राहतो. त्या गडावर सिंहासनावर बसलेले महाराज दरवाजाच्या दुप्पट उंच असतात, पायथ्याची भाजीवाली बुरुजाला ठेंगणा करते, आणि वाघ व गाय एकाच पाऊलवाटेनें शांतपणें चाललेलीं दिसतात. तरी त्या मुलांनीं असत्य केलें असा दोष त्यांस कोणी देत नाहीं. परंतु तोच मुलगा मोठा होऊन, कचेरींतून निवृत्त होऊन, घरांतील एका फळीवर आगगाडीचें स्टेशन बांधूं लागला कीं त्याच्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, कीं हा पोरखेळ आहे. दुसरा जरा सुशिक्षित माणसाचा. तो म्हणतो, कीं खरें स्टेशन अर्धा मैल लांब, तें चार फुटांत दाखविणें म्हणजे न दाखविण्यासारखेंच आहे. पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्याची आम्हांस घाई नाहीं. पत्ते कुटण्यांत दुपार घालविणारी मंडळीच तो बहुधा घेत असतात. दुसऱ्यांत मात्र एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे. थोड्या जागेंत सगळें मावत नाहीं, तेव्हां काय सोडावें, आणि जें सोडलें त्याविषयीं प्रामाणिक कसें रहावें?

या छंदाचा परिचय नसलेल्या वाचकांसाठीं थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांनीं १९०१ सालीं, भोकें पाडलेल्या धातूच्या पट्ट्या जोडून यंत्रें बनविण्याच्या खेळाचें पेटंट घेतलें; तो खेळ पुढें मेकॅनो या नांवानें जगभर गेला. १९२० मध्यें त्यांच्याच कारखान्यानें किल्लीच्या आगगाड्या काढल्या. त्यांच्या दोन रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. असली गाडी मांडावयाची तर दिवाणखान्यांतील सामान हलवावें लागे. म्हणजे मुळांत दिवाणखाना असावा लागे. १९३८ सालीं त्याच कारखान्यानें सुमारें निम्म्या आकाराची 'डब्लो' गाडी काढली. तिच्या रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर. पुढें नऊ मिलिमीटरचे रूळ आले, आणि १९७२ मध्यें जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीनें साडेसहा मिलिमीटर रुळांची, मूळ वस्तूच्या दोनशेंविसाव्या हिश्शाची गाडी विकावयास आणली. तिचें लहानसें इंजिन मुठींत झांकून जातें.

जागेच्या अडचणीवर कारखानदारांनीं शोधलेला उपाय हा असा: वस्तु लहान करा. पण थोडें गणित केलें कीं या उपायाचें तोकडेपण ध्यानांत येतें. आज बहुतेक देशांत रूढ असलेलें प्रमाण सत्त्याऐंशीं भागांस एक भाग असें आहे. मुंबई ते पुणें हा १९२ किलोमीटरांचा लोहमार्ग या प्रमाणांत मांडावयाचा, तर सव्वादोन किलोमीटर लांबीची खोली पाहिजे. मेर्कलिनच्या सर्वांत लहान प्रमाणांतही पावणेनऊशें मीटर लागतातच. मार्ग राहूं द्या. चोवीस डब्यांची एक एक्सप्रेस गाडी, नुसती उभी करावयाची म्हटली, तरी ती सुमारें वीस फूट होते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत तिचें इंजिन स्वयंपाकघरांत आणि गार्ड जिन्यावर अशी अवस्था होईल. सारांश, वस्तु कितीही लहान केली तरी जग मावत नाहीं. कोठें तरी कात्री लावावीच लागते, आणि कात्री कोठें लावावी हें कोणताही कारखाना सांगूं शकत नाहीं.

येथें माणसांचे दोन स्वभाव दिसून येतात. एक स्वभाव असा, कीं जेवढें कोंबतां येईल तेवढें कोंबावें. चार फूट लांब व तीन फूट रुंद मेजावर हा मनुष्य दुहेरी वर्तुळ घालतो, त्यांत एक बोगदा, एक पूल, एक खेडें, एक बंदर आणि शक्य झाल्यास बर्फाचा डोंगर बसवितो. मग गाडी सोडतो. ती बोगद्यांतून निघून पुलावरून जाऊन बोगद्यांत शिरते, आणि आपल्याच शेवटच्या डब्याचा पाठलाग करीत फिरत राहते. पांच मिनिटें मौज वाटते. दहा मिनिटांनीं घाण्याच्या बैलाची आठवण होते. या मनुष्याने कांहीं सोडलें नाहीं, आणि त्यामुळें त्याच्या मेजावर कांहीं राहिलेंही नाहीं. खेडें हें खेडें नाहीं, कारण त्या गाडीला तेथें थांबण्याचें कारणच नाहीं.

दुसऱ्या स्वभावाचा मनुष्य आधीं स्वतःला विचारतो, कीं रेल्वेंतलें मला नेमकें काय आवडतें? प्रश्न सोपा दिसतो, पण त्याचें उत्तर देतांना भलेभले अडखळतात. वेग आवडतो, कीं गाडी येण्यापूर्वीची फलाटावरची शांतता? इंजिन आवडतें, कीं सांधेवाल्याचें काम? ज्याच्यापाशीं मोठी माडी रिकामी आहे त्याला हा प्रश्न जन्मभर टाळतां येतो. तो सर्वच बांधतो. चार फूटवाल्याला तो पहिल्याच दिवशीं सोडवावा लागतो.

इंग्लंडांत 'रेल्वे मॉडेलर' नांवाचें मासिक आहे. त्याचे दीर्घकाळचे संपादक सी. जे. फ्रीझर यांची सारी हयात लहान जागेंत बसतील असे आराखडे काढण्यांत गेली. त्यांचा १९५७ मधील 'मिनरीज' हा आराखडा आजही लोक बांधतात. लंडनमधील जुन्या, दाटीवाटीच्या उपनगरी स्टेशनाची ती कल्पना आहे. दोन मार्ग येतात, तीन फलाटांना भिडतात, आणि तेथेंच संपतात. येणारें इंजिन गाडीच्या पुढें अडकून पडतें. मग दुसरें इंजिन मागच्या बाजूस जोडून तीच गाडी बाहेर काढावयाची, आणि मोकळें झालेलें पहिलें इंजिन पुढच्या गाडीसाठीं तयार ठेवावयाचें. गाड्या आंखूड, पण काम अखंड. फ्रीझर यांचें खरें कौशल्य सांध्यांच्या मांडणींत आहे. कोणत्याही मार्गावरून कोणत्याही फलाटाला जातांना डब्यांना विचित्र हिसका बसूं नये, अशा रीतीनें त्यांनीं ते सांधे विणले आहेत. डोंगर नाहीं, बोगदा नाहीं, नदी नाहीं. सोडण्यासारखें होतें तें सर्व सोडलें. राहिलें तें शहराच्या सकाळच्या घाईचें एक स्टेशन.

याहूनही काटकसरीचा नमुना ॲलन राइट या गृहस्थांचा 'इंगलनुक'. एका फळीवर तीन सायडिंगें. एकींत पांच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन तीन. दोन सांध्यांनीं तिन्ही सायडिंगें एका तुकड्याला जोडलेलीं. तेथें इंजिन आणि तीनच वाघिणी मावतात. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्या डब्यांत टाकून त्यांतल्या पांच काढावयाच्या, आणि निघालेल्या क्रमानें त्या पांच वाघिणींची गाडी लांब सायडिंगांत लावावयाची. मालवाघीण सुमारें तीन इंचांची धरली तर हा सगळा संसार चार फुटांत बसतो. ऐकावयास हें लहान मुलाचें कोडें वाटतें. पण आठांतून पांच वाघिणींचे क्रम ६,७२० होतात, आणि खेळणाऱ्याला हवी असलेली वाघीण नेमकी दुसऱ्या दोघींच्या मागें कोंडलेली सांपडते. त्या दोघींना बाहेर काढावें तर ठेवावयाचें कोठें? एका सायडिंगांत ठेवाव्या तर तिसरी अडते. इंजिनाचा तुकडा एका वाघिणीनें लांब असता तर बरें झालें असतें असें प्रत्येक वेळीं मनांत येतें. आणि तो तसा लांब केला, तर कोड्याचा जीवच जातो. बुद्धिबळाचा पट चौसष्ट घरांऐवजीं सहाशें घरांचा करून जसा डाव सुधारणार नाहीं, तसेंच हें आहे.

यावरून कोणी असा सिद्धांत काढूं नये, कीं अडचण ही स्वभावतःच चांगली. अडचणींनीं माणूस घडतो असा उपदेश करणारे लोक पुष्कळदां स्वतः ऐसपैस बंगल्यांत राहतात. एका खोलींत सात माणसें निजतात, त्या घराच्या अडचणीला कोणताही काव्यात्मक अर्थ नाहीं. दुसऱ्यानें लादलेली मर्यादा आणि आपण नियम म्हणून पत्करलेली मर्यादा यांत फरक आहे. मात्र लादलेल्या मर्यादेच्या आंत राहूनही स्वतःचा एक नियम घालून घेतां येतो, एवढें या चार फुटांच्या फळीवरून दिसतें. आणि तें थोडें नाहीं. खऱ्या रेल्वेसही हें चुकलेलें नाहीं. १८६३ सालीं बोरघाट खुला झाला, तेव्हां डोंगराच्या उतारावर गाडी एका दमांत वळवून नेण्यास जागा नव्हती. म्हणून खंडाळ्याजवळ गाडी एका टोंकास नेऊन थांबवावयाची, इंजिन दुसऱ्या बाजूस लावावयाचें, आणि उलट दिशेनें पुढें चढावयाचें, अशी योजना केली होती. १९२९ मध्यें नवा मार्ग होईपर्यंत गाड्या तशाच जात. मिनरीजच्या फलाटावर जो खेळ खेळतात, तो घाटांत इंजिनियरांनीं गरज म्हणून खेळला होता.

आतां काळाचा विचार करूं. जागा सत्त्याऐंशीं पटींनीं लहान करतां येते; वेळ मात्र लहान होत नाहीं. ताशीं चाळीस किलोमीटर वेगाची गाडी या प्रमाणांत चार फूट अंतर साडेनऊ सेकंदांत तोडते. पाहणारानें चष्मा लावीपर्यंत ती गेलेली असते. परंतु शंटिंगचें इंजिन, खऱ्या यार्डांत चालतें तसें, भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगानें, म्हणजे ताशीं आठ किलोमीटरनें चालविलें, तर त्याच चार फुटांस पाऊण मिनिटाहून अधिक लागतें. मध्यें थांबावें, सांधा बदलावा, वाघीण जोडली गेली कीं नाहीं पाहावें, मग पुन्हां निघावें. पांच वाघिणींची गाडी लावण्यांत अर्धा तास सहज जातो, आणि त्या अर्ध्या तासांत फळी चार फुटांची राहत नाहीं. मंदपणानें जागा वाढते, ही गोष्ट आम्हांस या छंदांतील सर्वांत मोलाची वाटते. ॲरिस्टॉटलनें आपल्या काव्यशास्त्रांत म्हटलें आहे, कीं अतिशय लहान प्राणी सुंदर दिसत नाहीं, कारण तो नजरेंत ठरत नाहीं. आणि हजार मैल लांबीचा प्राणीही दिसत नाहीं, कारण त्याचें एकत्व नजरेंतून निसटतें. फळीवरच्या गाडीविषयीं त्यानें लिहिलें असतें, तर इतकेंच जोडलें असतें कीं ती हळू चालवा.

प्रामाणिकपणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रमाण म्हणून जें म्हणतात तें या छंदांत कोणीही पूर्णपणें पाळीत नाहीं. शंभर टनांचें इंजिन तिन्ही बाजूंनीं सत्त्याऐंशीं पटींनीं लहान केलें तर त्याचें वजन सुमारें दीडशें ग्रॅम होतें. तेवढ्या वजनाचें इंजिन रुळांवर घसरूं लागतें, म्हणून कारागीर त्याच्या पोटांत शिसें भरतो. पाण्याचा थेंब लहान होत नाहीं, म्हणून नदी राळेची किंवा वार्निशाची करावी लागते. सर्वांत नवलाची गोष्ट इंग्रजांची. त्यांच्या देशांतील इंजिनें युरोपांतील इंजिनांहून अंगानें लहान. त्या वेळच्या विजेच्या मोटरी त्यांत मावेनात. तेव्हां त्यांनीं इंजिनाचें अंग थोड्या मोठ्या प्रमाणानें, फुटाला चार मिलिमीटर अशा हिशेबानें केलें, पण रूळ होते तेच साडेसोळा मिलिमीटरचे ठेवले. परिणाम असा, कीं हिशेबानें पाहतां त्यांची रेल्वे सुमारें सात इंच अरुंद आहे, आणि लक्षावधि लोक पिढ्यान्पिढ्या तीवरच समाधानानें गाड्या चालवीत आले आहेत. ज्यांस हें सहन होईना त्यांनीं प्रथम अठरा मिलिमीटरचे रूळ घातले. आणि १९६० नंतरच्या दशकांत कांहीं कट्टर मंडळींनीं १८.८३ मिलिमीटर हें बिनचूक माप धरून, प्रत्येक सांधा हातानें घडविण्याचें व्रत घेतलें. आमच्या देशांतील छंदिष्टांपुढेंही हाच पेंच आहे. भारतीय ब्रॉडगेज साडेपांच फुटांचा. तो बाजारांत मिळणाऱ्या साडेसोळा मिलिमीटर रुळांवर दाखविला कीं साडेनऊ इंच कमी पडतात.

मग हे सर्व लोक खोटें करतात काय? प्लेटोनें आपल्या 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागांत नकलकारांस सत्यापासून तिसऱ्या पायरीवर बसविलें आहे. त्याच्या कसोटीनें सात इंच अरुंद रेल्वे बहुधा चौथ्या पायरीवर जाईल. आम्हांस ही कसोटी मान्य नाहीं. माप कमी पडलें म्हणून असत्य होत नाहीं. नकाशांत नदी निळी रेघ असते, तिला कोणी खोटी म्हणत नाहीं. असत्य तेव्हां होतें, जेव्हां करणारा स्वतः जें जाणून घेण्याचा कंटाळा करतो तें तो रंगानें झांकतो. रूळ सात इंच अरुंद आहेत हें ठाऊक असून तें पत्करणारा मनुष्य प्रामाणिक आहे. रुळांचें माप बिनचूक ठेवून, ज्या स्टेशनांत पाण्याची टांकी कोठें असते, कोळसा कोण उतरवितो, सिग्नल कोठून दिसला पाहिजे, याची चौकशीही न करणारा मनुष्य आमच्या मतें कमी प्रामाणिक. आणि येथें लहान जागा माणसाच्या मदतीस येते. ज्याला पन्नास फूट रूळ घालावयाचे आहेत त्यानें प्रत्येक स्लीपर पाहणें अशक्य. ज्याला चारच फूट घालावयाचे आहेत, त्याला न पाहण्यास सबब राहत नाहीं.

रॉय इंग्लंड नांवाचे एक गृहस्थ १९२५ सालीं ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला गेले. तेथील व्हाइट हॉर्स खोऱ्यांतील गवती छपरांचीं जुनीं घरें डोळ्यांदेखत बदलत चाललेलीं पाहून त्यांनीं तीं लहान प्रमाणांत नोंदून ठेवण्याचें मनावर घेतलें. त्यांतून १९५४ मध्यें, आजच्या ऑक्सफर्डशायरांत, पेंडन नांवाचें संग्रहालय निघालें. एकेका घरासाठीं त्यांचे सहकारी शेंकडों तास खर्चितात. हें काम लहान जागेंतलें नाहीं. पण एक घर हातीं घेतलें कीं इतर सर्व विसरावयाचें, ही त्यांची रीत चार फूटवाल्याचीच आहे. आमच्या पुण्यांत कोथरुडला जोशी यांचें लघुरेल्वे-संग्रहालय १९९८ पासून लोकांस खुलें आहे. तेथें सबंध शहर हालतें बोलतें केलें आहे. तें पाहण्याचा आनंद निराळा, यात्रेसारखा. आम्ही बोलत आहों तें देवघराविषयीं.

आतां पडद्यामागच्या जागेविषयीं. लहान फळीवरची गाडी कोठून तरी येते आणि कोठें तरी जाते. त्यासाठीं फळीच्या एका टोंकास, रंगविलेल्या पडद्यामागें किंवा पुलाआड, कांहीं उघडे रूळ ठेवलेले असतात. इंग्रज त्यांस 'फिडल यार्ड' म्हणतात. तेथें झाडें नाहींत, घरें नाहींत, सजावट नाहीं. गाडी तेथें गेली कीं हातानें उचलून, फिरवून पुन्हां उभी करावयाची. म्हणजे पडद्याच्या अलीकडे एक स्टेशन, आणि पलीकडे उरलेलें सर्व जग. वर्तुळवाल्याच्या मेजावर गाडी कोठेंच जात नाहीं. या फळीवर ती कोठेंही जाऊं शकते.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. पूर्वी बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गावर त्यांनीं नोकरी केली. १८९७ सालीं कुर्डुवाडी-बार्शीपासून सुरू झालेला, पुढें पंढरपूर, लातूर, मिरज असा पसरलेला अडीच फूट रुंदीचा तो मार्ग; २००० नंतरच्या दहाबारा वर्षांत त्याचे उरलेसुरले अरुंद रूळही निघून ब्रॉडगेज आला. या गृहस्थांनीं कपाटावरील फळीवर त्या मार्गावरचें एक लहानसें स्टेशन केलें आहे. नऊ मिलिमीटरचे रूळ सत्त्याऐंशीं पटींनीं वाढविले तर ७८३ मिलिमीटर होतात. अडीच फूट म्हणजे ७६२. फरक इंचाहूनही कमी. हा योगायोग ते मोठ्या अभिमानानें सांगतात. एक कौलारू खोली, एक कडुनिंब, पाण्याची टांकी, दोन सायडिंगें, आणि फलाटावर एक बाक. मनुष्य एकही नाहीं.

आम्हीं त्यांना विचारलें, "आषाढींत या गाड्यांच्या टपांवर माणसें बसत असत. येथें तर चिटपांखरूंही दिसत नाहीं. हें बरोबर वाटतें आपल्याला?"

ते म्हणाले, "प्रोफेसर, हजार बाहुल्या कोठून आणूं? आणि आणल्या तरी त्या विठ्ठलाचें नांव थोड्याच घेणार? गाडी आत्तांच गेली आहे. माणसें तिकडे आहेत." आणि त्यांनीं पडद्याकडे बोट दाखविलें.

या उत्तरानें आमचें पूर्ण समाधान झालें असें नाहीं. फळीवर माणसें नसलीं म्हणजे फलाटावरचीं भांडणें नाहींत, तिकिटासाठीं पैसे मोजणारी म्हातारी नाहीं, दोन वाघिणींच्या मध्यें शिरून सांखळी अडकवितांना जायबंदी झालेला शंटरही नाहीं. रेल्वेचा इतिहास अशा माणसांनीं भरलेला आहे, आणि जुन्या काळाचें गोंडस स्टेशन पाहतांना त्यांचा विसर पडणें अगदीं सोपें आहे. तरी त्या गृहस्थांच्या उत्तरांत एक गोष्ट खरी आहे. त्यांनीं माणसें नाहींशीं केलीं नाहींत. तीं कोठें आहेत तें सांगितलें. स्टेशन रिकामें आहे, कारण गाडी गेली आहे. हें रिकामेपण कोणाच्या तरी जाण्याचें आहे. बाकावर एक विसरलेली पिशवी त्यांनीं ठेवली आहे, ती आमच्या मागाहून ध्यानांत आली. सोडलेल्या गोष्टीची जागा दाखवून ठेवणें, यापलीकडे प्रामाणिकपणा चार फुटांत काय करूं शकेल तें आम्हांस सुचत नाहीं.

या छंदावर पळपुटेपणाचाही आरोप होतो. बाहेरचें जग ऐकत नाहीं, म्हणून मनुष्य ऐकणारें जग बांधतो, असें म्हणतात. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पीटर डेनी या इंग्लिश पाद्र्यांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर 'बकिंगहॅम' नांवाची एक कल्पित शाखा बांधावयास घेतली, आणि कित्येक दशकें ते ती सुधारीत राहिले. एका टोंकाचें काम पाहण्यास दुसरा माणूस लागे. तें काम त्यांचा मुलगा क्रिस्पिन करी. पुढें त्या कामासाठीं डेनींनीं स्वतःच एक यंत्र बनविलें, आणि त्याचें नांव ठेवलें 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. इंग्रज वाचक ही हकीकत हंसत हंसत सांगतात. बापलोकांनीं ती हंसतांना थोडें थांबून वाचावी. मुलें मोठीं होतात, त्यांचे स्वतःचे मार्ग निघतात. त्यांच्या जागीं यंत्र बसवितां येतें, पण यंत्राला त्यांचें नांव द्यावेंसें वाटतें यांतच सर्व कांहीं आलें.

मात्र आमच्या मतें खरा नैतिक प्रश्न पळण्याचा नसून जागेचा आहे, आणि तो अगदीं घरगुती आहे. चार फूट जागा ही कोणाची? दोन खोल्यांच्या घरांत रिकामी जागा अशी नसतेच. प्रत्येक हात जमीन कोणाच्या तरी उपयोगाची असते, आणि पुष्कळदां ती जिच्या उपयोगाची असते ती बाई बोलून दाखवीत नाहीं. छंदासाठीं खोली अडवून बसलेला पति आणि धान्याचे डबे पलंगाखालीं सारणारी पत्नी, हें चित्र कांहीं फार दूरचें नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण खर्चाविषयीं वापरतों. पण अंथरुणावर आणखी कोण निजलें आहे हेंही पाहावें लागतें. भिंतीला बिजागरीनें लावून उघडझांप करतां येणारी, पाहुणे आले कीं मिटून ठेवतां येणारी फळी लोक वापरतात, तेव्हां ते केवळ सुतारकी करीत नसतात. घरांतील इतरांचा हक्क त्या बिजागरीनें मान्य केलेला असतो. ज्या दिवशीं फळी मिटेनाशी होते, तिच्यावर एक कायमचा डोंगर चढतो, त्या दिवशीं छंदाचें रूप पालटतें.

आणि असल्या वस्तूचें पुढें काय होतें? कॅलिफोर्नियांतील जॉन ॲलन यांनीं १९४० नंतरच्या दशकांत सहासात फुटांच्या फळीवर एक लहानसा लोहमार्ग केला. तोच वाढत वाढत त्यांच्या घराचें सारें तळघर व्यापून बसला. त्या कामाची कीर्ति अमेरिकेंतील छंदिष्टांत आजही सांगितली जाते. जानेवारी १९७३ मध्यें ॲलन वारले, आणि कांहीं दिवसांतच घराला आग लागून तो सर्व मार्ग जवळजवळ नष्ट झाला. तो उचलून दुसरीकडे नेतां येण्यासारखा नव्हताच. उलट जॉन अहर्न या लंडनच्या गृहस्थांची 'मॅडर व्हॅली' ही दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची जुनी रेल्वे त्यांच्या मृत्यूनंतर पेंडनच्या संग्रहालयानें संभाळली, आणि ती तेथें पाहावयास मिळते.

आमचे ते बार्शी लाइनचे वृद्ध गृहस्थ याविषयीं फार बोलत नाहींत. त्यांची मुलगी नागपुरास असते, आणि तिच्या घरांत कपाटावर साडेचार फूट जागा आहे, हें त्यांनीं फळी कापण्यापूर्वीं पत्र पाठवून विचारून घेतलें होतें. फळीला दोन्ही टोंकांस दोरीच्या मुठी आहेत, पडदा काढतां येतो, आणि कडुनिंब एका स्क्रूवर बसविला आहे. मुठींसकट मोजली तरी ती गाडीच्या खालच्या बाकाखालीं आडवी सरकते; त्यांनीं एकदां पुणें स्टेशनवर उभ्या गाडींत, टेप घेऊन, तेंही मोजून पाहिलें आहे.